स्टोव्हखालच्या विटा

श्रीरंगकाका, गार वाटतंय ना? घ्या, ही शाल घ्या. लाकडं जाळायचा वुड स्टोव्ह आहे हो, पण आम्ही तो पेटवत नाही. का ते सांगतो, पण तुमच्या मुलाला, ऋषीला सांगू नका. शेजारी राहतो, उगाच घाबरेल.

डब्लिनमधलं हे जुनं घर आम्ही या स्टोव्हसाठीच घेतलं. त्याच्याखालचा हा विटांचा ओटा मात्र भलताच भुसभुशीत. झाडलं की लाल पूड, पुसलं की लाल पाणी. गेल्या हिवाळ्यात माझे वडील, नाना, साताऱ्याहून आले होते. दिवसभर इथेच विटांवर अनवाणी पाय टेकून बसायचे. शुगरमुळे डाव्या पायाची करंगळी काढलेली. उठले की पांढऱ्या कार्पेटभर लाल पावलं! मी खेकसायचो, "नाना, पाय बघा ना जरा!" मग ते बिचारे ओशाळून टाचांवर चालायचे.

या ऑक्टोबरात ठरवलं, विटांवर पारदर्शक लेप लावून त्या सील करून टाकायच्या, म्हणजे पूड निघणार नाही. काजळी खरवडली, सांधे भरले, सगळं नीट वाळू दिलं. शनिवारी सकाळी सीलर आणायला दुकानात गेलो, तेवढ्यात साताऱ्याहून संजीवदादाचा व्हिडिओ कॉल आला. नाना सीरियस आहेत हे मला आठवडाभर माहीत होतं. पण ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, ते झालं की जाऊ म्हणत होतो. तिकीटसुद्धा काढलं नव्हतं.

स्क्रीनवर नानांचा चेहरा आला. "निघालास का रे, निमिष?"

मागचे रंगाचे डबे दिसू नयेत म्हणून मी फोन कानाला लावला. "निघालो, नाना. एअरपोर्टवरच आहे."

"हां... मग दार उघडं ठेवतो."

आणि घरी येऊन मी सीलर लावत बसलो. हो, लावत बसलो! हात रिकामे ठेवायची भीती वाटत होती. भिंतीकडून सुरुवात करून मागे सरकत आलो. घरभर तो उग्र वास. शेवटची वीट झाली आणि फोन वाजला.

"गेले रे," दादा म्हणाला. "शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. तू कुठवर आलायस?"

"फ्लाइट... कॅन्सल झाली, दादा."

फोन ठेवून वळलो. भर दुपारची वेळ, विटांवर स्वच्छ ऊन पडलेलं. ओल्या सीलरमध्ये एक पाऊल उमटलं होतं. टाच स्टोव्हकडे, बोटं खोलीकडे. चार बोटं.

मी काय केलं माहितीये? माझी बायको प्रीता वरून खाली यायच्या आत त्यावरून ब्रश फिरवला. वडिलांच्या पावलावरून, काका! स्टोव्ह कित्येक दिवस बंद होता, पण तेवढी एकच वीट कोमट लागली.

दुसऱ्या दिवशी दादाचा परत फोन. आमच्याकडे माणूस गेला त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात, वर टोपली झाकतात आणि नंतर पिठात काय उमटलं ते बघतात. दादा अगदी हळू बोलत होता. "पीठ कोरंय रे. काहीच नाही... नाना इथे आलेच नाहीत जणू."

मी म्हटलं, येऊ का? तर म्हणाला, आता येऊन काय करणार. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते हो सांगायला.

विटांचं सीलिंग मात्र झकास झालंय. हात फिरवून बघा, कणभर पूड लागणार नाही. तरी रोज सकाळी कार्पेटवर लाल खुणा असतात, स्टोव्हपासून पुढच्या दारापर्यंत. प्रीता म्हणते, तूच झोपेत चालत असशील. पण काका, त्या नुसत्या टाचांच्या खुणा आहेत. मी खेकसलो होतो ना, ते अजून लक्षात ठेवलंय त्यांनी. ते तिथूनच निघतात, मग स्टोव्ह पेटवू कसा?

आणि रात्री लॉक लावलेलं दार सकाळी सताड उघडं असतं. वाट बघतायत माझी. "नाना, मी घरातच आहे, मी निघालोच नव्हतो," एवढंच सांगायचंय. पण तोंड उघडत नाही माझं.

गारवा वाढलाय, नाही? काका... तुम्ही आत आलात तेव्हा दार लावून घेतलं होतंत ना?