उझुगोनच्या गुडघ्यावरचं ठिगळ

सभागृहाच्या कोठीचं दार उघडलं आणि तिघंही दारातच थबकली. उझुगोन जागेवर नव्हता!

दर वर्षीप्रमाणे संध्याकाळी नगर सभागृहात उझुगोन राक्षसाचा सिनेमा होता. तीस वर्षांपूर्वी तो याच गावात, इसोझाकीच्या किनाऱ्यावर काढला होता. राक्षसाच्या रबरी पोशाखात इनोकुमाआजोबा होते आणि पोशाख शिवला होता त्यांच्या बायकोने, फुमिएआजीने. आजी गेल्या हिवाळ्यात वारली. या वर्षी पोशाख शेजारी ठेवून सिनेमा बघायचा, एवढंच आजोबांनी मागितलं होतं. पोशाख पुसून आणायचं काम चिझुरू, तिचा भाऊ सोहेई आणि मैत्रीण मात्सुयो यांनी सुट्टीतलं काम म्हणून घेतलं होतं.

कालच आजोबांच्या ओसरीवर कलिंगड खाताना तिघांनी सिनेमातल्या चुका काढल्या होत्या. विमानाची तार दिसते. इमारती पुठ्ठ्याच्या. राक्षसाच्या पाठीवर चक्क चेन.

"आणि समुद्राच्या तळातून आलाय ना तो? मग गुडघ्यावर निळी फुलं कुठून आली?" सोहेईने विचारलं होतं.

आजोबाही हसले होते. "फुमिएच्या युकातातून. ऐन शूटिंगमध्ये रबर फाटलं, तेव्हा तिने अंगावरच्या कपड्याचा तुकडा कापून लावला. एकाच दृश्यात दिसतो. तुम्ही चुका मोजा खुशाल. मी तेवढंच बघायला जातो."

आणि आता पोशाखच नाही!

"हे बघा," मात्सुयो खाली वाकली. फरशीवर हिरवा चुरा पडला होता. जुनं रबर झडतं. चुरा दारातून बाहेर गेला होता, मासळीबाजारावरून थेट देवळाच्या चढावर. तिघं धावत सुटली.

देवळाच्या अंगणात जुन्या बाहुल्यांचा ढीग रचला होता. वर्षातून एकदा त्यांना मंत्र म्हणून, आभार मानून अग्नी देतात. ढिगाच्या तळाशी हिरवी शेपटी दिसत होती. भटजींचे मंत्र चालू होते आणि शेजारी सभागृहाचे कारकून कुसाकाबे पलिता धरून उभे होते.

सोहेईने त्यांची बाही ओढली. कुसाकाबे कुजबुजले की सकाळी कोठी साफ करताना तो त्यांना सापडला. "डोळे असलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकायची? म्हणून मानाने इथे आणली. आता गप्प बस, मंत्र मध्येच तोडायचे नसतात."

"पण काका, तो आजोबांचा—"

"श्शू!"

मंत्र संपत आले. चिझुरू ढिगामागे गेली, बाहुल्या बाजूला सारल्या. हाताला लागली तीच ती चेन, जिला काल सगळ्यांनी नावं ठेवली होती. तिने ती ओढली आणि आत शिरली.

ढीग हलला. बाहुल्या घरंगळल्या. त्यातून शेपटी फरफटवत उझुगोन उभा राहिला आणि बारीक आवाजात गुरगुरला.

गुरगुरणं मुलीचं होतं, पाठीची चेन उघडी होती, खाली झडलेल्या रबरातून निळे सँडल दिसत होते. तरीही सगळे मागे पळाले! कुसाकाबे पलित्यासकट पाण्याच्या कुंडात बसले.

भटजी तेवढे हलले नाहीत. मंत्र पुरा करून त्यांनी राक्षसाकडे नीट पाहिलं. "जो उठून चालतो, त्याला निरोप कसला द्यायचा? घेऊन जा पोरांनो."

संध्याकाळी कुसाकाबेंनी सगळ्यांसमोर कमरेत वाकून आजोबांची माफी मागितली आणि मुलांना शाबासकी दिली. ती देताना ते दोनदा शिंकले.

सिनेमा सुरू झाला. तार दिसली, लोक हसले. चेन दिसली, आणखी हसले. मग उझुगोनने पूल ओलांडायला पाय उचलला आणि पडद्यावर निळी फुलं आली.

"फुमिएआजी!" तिघं एकदम ओरडली.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आजोबांनी मात्र टाळी वाजवली नाही. त्यांचा एक हात शेजारच्या खुर्चीवर, रबरी गुडघ्यावर होता.