शुक्राची साक्ष

कतारगाममधल्या रघुनाथरावांच्या घरात खासगी गुप्तहेर नूतन शिरली, तेव्हा तिला कोणी बस म्हटलं नाही. तिचा मदतनीस विकास तरीही बसला. त्याला वातावरण कळायला जरा वेळच लागतो.

कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर फुटून पडला होता. ऐंशीच्या दशकात रघुनाथरावांनी त्यावर कुंडलीचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता. काल संध्याकाळी ते देवळात असताना कोणीतरी तो फोडला आणि फ्लॉप्या पळवल्या. घरात सून रंजना एकटीच होती. दार नुसतं लोटून आपण दळण आणायला गेलो होतो, असं ती सांगत होती. नूतनला बोलावलं होतं तेही तिनेच.

सासू प्रमिलाबाईंना यातलं एक अक्षर पटत नव्हतं. हे भंगार विका, असं रंजना सतत म्हणायची, म्हणजे तिनेच फोडलं, चोर ती, असं त्यांनी गल्लीभर ओरडून सांगितलं होतं. मुलाच्या साडीच्या दुकानात गिऱ्हाईक नाही, शुक्राचा अस्त आहे म्हणून लग्नं बंद, तोही त्यांच्या मते हिचाच पायगुण. रंजनाच्या माहेरी फोन झाला होता. तिचा भाऊ उद्या सकाळी न्यायला येणार होता.

"आते या घरमा तिले जागा नई," त्या म्हणाल्या.

रघुनाथराव सुनेकडे बघायलाही तयार नव्हते. एका कॉलेजने मशीन मागितलं होतं, मुलं त्यातल्या प्रोग्रॅमची ओळ न ओळ वाचणार होती, एवढं त्यांनी सांगितलं. मुहूर्त, ग्रहांचे उदय-अस्त त्यात आहेत का, असं नूतनने विचारलं.

"ते मी पंचांगातच बघतो. प्रोग्रॅममध्ये नुसती ग्रहांची स्थानं."

नूतनने बोलावलेला त्यांचा पुतण्या वैभव कामरेजहून आला तो तणतणतच. त्याचं कुंडलीचं अ‍ॅप जोरात चाललं होतं. ते आपण शून्यापासून लिहिलं, काकांच्या डबड्याशी आपला काय संबंध, असं त्याने ऐकवलं.

"काल संध्याकाळी कुठे होतास?" नूतनने विचारलं.

"घरीच. सूर्य मावळल्यावर दुर्बिणीतून शुक्र बघत होतो. छान दिसत होता. लिहून घ्या हवं तर."

विकासने खरंच लिहून घेतलं. वर नूतनच्या कानात, सूनच असावी, असंही कुजबुजला. नूतनने त्याला गप्प बसवलं.

"वैभव, लग्नं का बंद आहेत?"

त्याने खांदे उडवले.

"शुक्राचा अस्त आहे म्हणून. सध्या तो सूर्याला इतका चिकटलाय की सूर्याच्या उजेडात डोळ्यांना दिसतच नाही. गणितात मात्र तो क्षितिजाच्या वरच असतो. तू आकाश बघितलं नाहीस, तुझं अ‍ॅप बघून थाप मारलीस. आणि त्या अ‍ॅपला अस्त कळत नाही, कारण ते काकांच्या प्रोग्रॅमची नक्कल आहे आणि काकांनी तो भाग कधी लिहिलाच नाही. कॉलेजच्या मुलांनी ओळी वाचल्या असत्या, तर तुझी चोरी उघडी पडली असती."

"माझ्याकडे लाखो लोक येतात," वैभव फिस्कारला. "यांचा कचरा मी कामाला लावला. फोडला तर काय बिघडलं?"

प्रमिलाबाईंनी सवयीने रंजनाला चहा टाकायला सांगितला.

रंजना जागची हलली नाही. "चोर म्हणालात ते सगळ्या गल्लीने ऐकलं," ती म्हणाली. "आता माफीही तशीच मागा. मग ठरवते, राहायचं की जायचं."

प्रमिलाबाईंनी तोंड फिरवलं. रघुनाथराव उठले, दार सताड उघडून बाहेर उभे राहिले आणि सगळ्या गल्लीदेखत त्यांनी सुनेपुढे हात जोडले.