मागच्या खोलीतली हवा

"एकच पीस उरलाय," दुकानदार म्हणाला. "दोघांनी काय ते ठरवा. भांडायचं असेल तर फुटपाथवर."

शेफालीने शेजारी पाहिलं. तिने धरलेल्या खोक्याचं दुसरं टोक एका तरुणाच्या हातात होतं. चेकचा शर्ट, उन्हाने लाल झालेला चेहरा, आणि डोळ्यांत तिच्याइतकाच गोंधळ.

एप्रिलच्या दुपारी विजेच्या वस्तूंच्या दुकानांची तपकीर गल्ली नुसती भाजत होती. आणि हवेत गार वाफ सोडणारं ते यंत्र, ह्युमिडिफायर, आख्ख्या गल्लीत तेवढं एकच शिल्लक होतं.

"मला घशासाठी हवं होतं," तो म्हणाला. आवाज बसलेला होता, तरी... बसलेला आवाज इतका गोड कसा असू शकतो?

"मला झाडांसाठी," शेफाली म्हणाली. "मरतायत हो ती!"

त्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि हात काढून घेतला. "घ्या मग. मी काही लगेच मरत नाही."

खोकं घेऊन ती बाहेर आली खरी, पण पायरीवरच तिचं पाऊल अडखळलं. तो घसा खाकरत निघाला होता.

"ऐका ना... तुम्ही येऊन बसा हवं तर. म्हणजे... माझ्याकडे नाही, झाडांकडे! हवा काय, सगळ्यांना पुरेल."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. तोवर त्याने मोबाइल काढला होता. "राजस," तो हसून म्हणाला. "पत्ता?"

बिबवेवाडीत सरोजिनी आत्याच्या फ्लॅटमध्ये मागची खोली शेफालीने झाडांना दिली होती. कॅलेथिया, अँथुरियम, नाजूक पानांचा हंसराज... सगळी दाट जंगलातली, ओलाव्यात वाढणारी मंडळी. ती वाढवायची आणि ऑनलाइन विकायची. यंदा एका नव्या हॉटेलने पहिल्यांदाच मोठी ऑर्डर दिली होती, आणि नेमक्या पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या कुरकुरीत होऊ लागल्या होत्या. तिने फवारे मारून पाहिले. पाणी पाहता पाहता सुकायचं, वर पानांवर डाग राहायचे. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या, ट्रेमध्ये खडे आणि पाणी भरून त्यावर मांडल्या. आर्द्रतेचा मीटर तिशीच्या पुढे जायला तयार नव्हता.

आता दाराला प्लास्टिकचा पडदा लागला, यंत्र सुरू झालं आणि काटा हळूहळू साठीकडे सरकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडदा बाजूला करून राजस आत आला आणि त्याचा चष्मा एकदम धुरकटला.

"कुठे आहात तुम्ही?"

"तुमच्या समोर."

"हं... आता आवाज ओळखीचा आहे."

तो ऑडिओबुक वाचायचा. एसी स्टुडिओत तासन्‌तास बोलून घसा कोरडा पडला होता, डॉक्टरांनी दमट हवेत बसायला सांगितलं होतं. तो स्टुलावर बसायचा, ती पानं पुसायची.

"यात नळाचं पाणी नाही घालत?"

"आमच्याकडे बोअरचं येतं. त्याने पानांवर पांढरी भुकटी बसते. फिल्टरचं लागतं."

"आणि हा छोटा पंखा?"

"दमट हवा कोंडून ठेवली की बुरशी येते. हवा हलती हवी."

"हवा हलती हवी," तो हळूच म्हणाला. साधं वाक्य ते... पण त्याच्या आवाजात शिरलं आणि शेफालीच्या हातातलं फडकं थांबलं.

तो रोज येऊ लागला. घसा सुटला, तसा तो तिथेच वाचनाचा सराव करू लागला. आणि तिथूनच शेफालीचा गोंधळ सुरू झाला.

"तू वळून पाहिलंस, आणि मी काय सांगायला आलो होतो तेच विसरलो..."

ती झटकन वळली. त्याची नजर टॅबवर होती. होती, की आत्ताच तिथे गेली होती?

"तुम्ही... वाचत होतात ना?"

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला काहीच वाटलं नाही," ती म्हणाली आणि धडधाकट कॅलेथियाचं एक हिरवं पान कापून बसली.

आत्याची मतं मात्र अगदी स्वच्छ होती. "घराचं महाबळेश्वर केलंस. आता स्ट्रॉबेरी तेवढी लाव." आणि राजस गेल्यावर, "घसा बसला होता ना त्याचा? मग आता घशाच्या जागी तो का बसतोय इथे?"

"अगं, त्याला हवा मानवते इथली."

"शनिवार पेठेतून बिबवेवाडीला? स्वारगेटचा चौक ओलांडून? हवेसाठी?" आत्याने चहाचा घोट घेतला. "असेल बाई."

आणि एके दिवशी दुकानदाराचा फोन आला. नवा माल आला होता.

शेफालीने दुसरं यंत्र घेतलं. का घेतलं, ते तिला नीट सांगता आलं नसतं. तो हवेसाठी येतो की... हे एकदा कळायला हवं होतं. संध्याकाळी तिने खोकं त्याच्या हातात दिलं. "तुमच्यासाठी. यंत्र मी पळवलं होतं ना, म्हणून."

राजस खोक्याकडे बघत राहिला. "म्हणजे... आता मी यायला नको."

नाही म्हण ना, तिने मनात म्हटलं. म्हण, की तरी येईन. मोठ्याने ती म्हणाली, "तुमचा एवढा लांबचा फेरा वाचेल."

"हो. ते आहेच." तो उठला. पडद्यापाशी थोडा थांबला... आणि गेला.

मग तो आलाच नाही. हंसराजाला कोवळे, गुंडाळलेले कोंब फुटले, मीटरचा काटा सत्तरीवर गेला. एका सकाळी हॉटेलची गाडी येऊन सगळी झाडं घेऊन गेली. हॉटेलच्या माणसांनी कौतुक केलं, पुढची ऑर्डर दिली. शेफाली रिकाम्या खोलीत परतली, स्टुलावर बसली आणि तिला रडूच फुटलं.

आत्या दारात आली. "त्याला मशीन का दिलंस?"

"त्याची सोय व्हावी म्हणून."

"झाली ना सोय? मग रडतेस कशाला?"

शेफालीने डोळे पुसले आणि स्कूटरची किल्ली उचलली.

त्याने बोलता बोलता सांगितलेल्या पत्त्यावर, शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर त्याची भाड्याची खोली होती. दार उघडलं, आणि आतून वाफेचा लोटच बाहेर आला. भिंत ओली, उशी ओली, कॅलेंडर गळून पडलेलं.

"हे काय केलंत?"

"फुल्लवर ठेवलं," राजस ओशाळून म्हणाला. "तुमच्या खोलीसारखं काही होईना. नुसतंच ओलं होतंय. घरमालक खोली सोडा म्हणतायत."

तिने आत जाऊन बटण बंद केलं, खिडकी उघडली. मग तिची पाठ त्याच्याकडेच राहिली. वळायचा धीर होईना.

"घसा कसा आहे?"

"केव्हाच बरा झाला. तुमच्याकडे यायला लागलो, त्याच आठवड्यात."

ती वळली. "मग पुढे रोज का येत होतात?"

दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं सफाईने म्हणणारा तो माणूस... त्याने चष्मा काढून पुसला, मग अडखळत बोलला. "तुम्ही मशीन दिलंत. मला वाटलं, मी नकोसा झालो."

"आणि मला वाटलं, तुम्हाला फक्त हवाच हवी आहे."

"मग... तुम्हाला काय हवं आहे?"

खाली रस्त्यावर पीएमटीची एक बस हॉर्न वाजवत गेली. शेफालीच्या डोक्यात अजून सगळा गुंता होता. घरी काय सांगायचं, तो हसला तर काय करायचं, पुढे काय... तरी तिने बोलायचं ठरवलं.

"तुम्ही हवे आहात."

"झाडांच्या खोलीत?"

"खोलीत. आणि... खोलीच्या बाहेरही."

तो दोन पावलं पुढे आला. "पुन्हा म्हणा ना."

"नाही म्हणणार."

"स्टुडिओत मी एकेक वाक्य दहादा म्हणतो हो..."

"राजस," ती म्हणाली, तुम्ही-बिम्ही सगळं सोडून, "तू मला हवा आहेस. झालं?"

"झालं," तो म्हणाला. आणि त्याने तिचा हात हातात घेतला. उघड्या खिडकीतून वारा आला, खोलीतली हवा हलली.