डाव्या हाताची धार

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला लागून कारभारीआबांची रोपवाटिका आहे. मोसंबीची कलमं घ्यायची म्हटलं की लांबलांबून लोक तिथंच यायचे. काम सांगायला सोपं. जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चाकूनं चिरायची, मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा काढून त्या चिरेत बसवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. डोळा जगला तर मोसंबी, वाळला तर नुसता जंबेरीचा खुंट. आबा हे काम डाव्या हातानं करायचे आणि त्यांचा डोळा सहसा वाळत नसे. "आबांच्या डाव्या हाताला गुण हाय," असं लोक म्हणायचे.

मागच्या वर्षी नेमका तोच हात गेला. लकवा मारला, डावं अंग लुळं पडलं, वाचा बसली. आबा पडवीतल्या खाटेवर आले ते आलेच.

त्यांचा मुलगा गोकुळ वाळूजच्या कंपनीत. त्यानं लगेच प्लॉटिंगवाल्यांशी बोलणी सुरू केली. "आबा होते तवर ठीक होतं. आता हे कोण करणार?"

"मी काय मेले का?" त्याची बायको सुरेखा म्हणाली.

सुरेखाचं माहेर देवगाव रंगारीचं. मोसंबीच्या बागेतच लहानाची मोठी झालेली बाई, डोळा भरायला तिला आईनं शिकवलेलं. पण सासरी आल्यापासून आबांनी तिला चाकूला हात म्हणून लावू दिला नव्हता. जवळ गेली तरी खेकसायचे. तो राग तिनं पंधरा वर्षं पोटात ठेवला होता. आता ती कंबर कसून उभी राहिली. शेवटी गोकुळनं एक हंगाम दिला. "सगळ्या ओळी भरून दाखव. जगल्या तर राहू दे तुझी नर्सरी. नाय जगल्या तर पुन्हा तोंड उघडायचं नाय."

हंगाम म्हणजे तरी किती? थंडी सरता सरता रोपात रस चढतो, साल लाकडापासून सुटी होते, तेवढ्यातच काम उरकावं लागतं. सुरेखानं पहिली ओळ भरली आणि सगळीच्या सगळी काळी पडली.

दोष हाताचा नव्हता, चाकूचा होता. आबांचा घडीचा चाकू, शिंगाच्या मुठीचा, कायम त्यांच्या बंडीच्या खिशात असायचा. कलमाच्या चाकूचं पातं एका अंगानं सपाट असतं आणि दुसऱ्या अंगानं उतरतं. उजव्या हाताचा माणूस धार लावतो एका अंगाला, डावखुरा लावतो दुसऱ्या. आबांचा चाकू डाव्याचा. सुरेखानं उजव्या हातानं चालवला की तो सालीवरून न जाता लाकडात शिरायचा, डोळ्याखाली लाकडाचा तुकडा घेऊन यायचा, आणि तसा डोळा कधी लागत नाही.

म्हणून ती छावणीच्या बाजारात गेली. दुकानदारानं प्लास्टिकची मूठ असलेलं एक यंत्र पुढं सरकवलं. मध्ये खाच, खाचेत दोन पाती एकमेकांवर तिरपी बसवलेली.

"ताई, ये लेके जाव. दो बार खींचे, बस, धार तयार."

"ते दोन्ही अंगं खरवडतंय. माझा चाकू एका अंगाचा हाय. ह्यात घातला तर वाटोळंच व्हईल."

"अरे ताई, धार तो धार होती ना!"

"भाजी चिरायची नाय मला," सुरेखा म्हणाली. "दगड दावा."

त्यानं नाक मुरडत हिऱ्याची पूड लावलेली एक पत्री काढली. तिनं नखावर घासून पाहिली. फार खाणारी होती, आधीच झिजलेलं पातं चार दिवसांत संपवलं असतं. शेवटी मागच्या फळीवरून धूळ खात पडलेला दुतोंडी दगड निघाला, एक तोंड खरबरीत, एक गुळगुळीत. तिनं बोट फिरवून दोन्ही तोंडं पाहिली, दगड वाजवून पाहिला आणि घेतला.

दुपारी ती पडवीतच बसली. दगड पाण्यात भिजत घातला, त्यातून बुडबुडे यायचे थांबले तसा पाटावर ओलं फडकं अंथरून त्यावर ठेवला. आधी खरबरीत तोंड. आबांचा उतार तिनं घासून सपाट केला. मग दुसऱ्या अंगाचा, उजव्या हाताचा नवा उतार दगडावर टेकवायचा, तिरपेपणा जराही न बदलता पुढं न्यायचा. करडा चिखल बोटांवर यायला लागला. पलीकडच्या अंगाला वळलेल्या पोलादाची बारीक कूस बोटाला लागू लागली तेव्हा तिनं दगड पालथा केला आणि गुळगुळीत तोंडावर हलक्या हातानं घासलं. मग सपाट अंग एकदाच टेकवून कूस काढली, गोकुळच्या जुन्या कातडी पट्ट्यावर पातं फिरवलं. जंबेरीचं पान हवेत धरून कापलं तर पान हललंसुद्धा नाही.

खाटेवरून आबा गुरगुरायला लागले. तोंड वाकडं, लाळ गळतेय, डोळे त्या चाकूवर.

"बघवंना का, मामंजी?" सुरेखा म्हणाली. "बघून घ्या आता."

त्या संध्याकाळी तिनं दुसरी ओळ भरली. लोण्यातून चालावा तसा चाकू चालला.

सकाळी घडी उघडली तर धार डाव्या अंगाला.

सुरेखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पातं तिनं उन्हात धरलं, अंगठ्यानं चाचपलं. तिनं केलेला उतार घासून सपाट झाला होता आणि दुसऱ्या अंगाला नवा उतार होता, बारीक, एकसारखा, कुठं ओरखडा नाही. तिच्यापेक्षा चांगला लावला होता. त्याचाच जास्त संताप आला.

गोकुळ डबा घेऊन निघाला होता. त्याला तिनं दारातच गाठलं. "ही असली नाटकं करून माझी कलमं वाळवायची, व्हय? सरळ सांगा ना, जमीन इकायची हाय म्हणून!"

"मला काय करायचं तुझ्या चाकूचं? मला धार लावता तरी येती का?"

हे मात्र खरं होतं. गोकुळला पेन्सिलीला टोक करता येत नव्हतं. मग पुंजाराम. आबांच्या हाताखाली गडी म्हणून राबलेला म्हातारा, आबांवर जीव. सुरेखानं त्याच्यावर खापर फोडलं. पुंजारामनं चाकू हातात घेतला, पातं पाहिलं आणि अंगार लागल्यासारखा तिच्या हातात परत दिला.

"वहिनी, मला ह्याच्यात वढू नका," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो कामाला आलाच नाही.

सुरेखा हटली नाही. पुन्हा दगड भिजवला, पुन्हा धार उजवीकडं आणली, लगोलग ओळीत बसली आणि अंधार पडेपर्यंत डोळे भरले. सकाळी धार पुन्हा डावीकडं. तिनं चाकू कपाटात कुलपात ठेवला. सकाळी डावीकडं. तिनं नवा चाकू आणला, कंपनीचं तेलसुद्धा न पुसलेला. तोही तसाच. तिनं त्याला घासून उजवा केला, कुणीतरी डावा केला. ह्या ओढाताणीत पोलाद झिजत होतं. जुन्या चाकूचं पातं तर गवताच्या पात्याएवढंच उरलं.

पण एक गोष्ट होती. धार लावल्या लावल्या भरलेल्या ओळी हिरव्या राहत होत्या. तिनं पट्टी हलकेच बाजूला सारून पाहिलं, डोळे टपोरे होते. म्हणजे तिच्या हातालाही गुण होता! ते बघून ती ओळीत उभ्या उभ्याच रडली, आणि रडता रडता त्या चाकू फिरवणाऱ्याला तिनं मोकळ्या तोंडानं शिव्या दिल्या.

काळी पडलेली पहिली ओळही पुन्हा भरून झाली, आता एकच ओळ उरली होती. सगळ्यात लांब, विहिरीकडची. साल घट्ट होऊ लागली होती. आज भरली तर भरली.

सकाळी धार लावून तिनं चाकू मिटला, साडीच्या कंबरेला खोचला. आबांना आंघोळ घातली, भरवलं, स्वतः दोन घास खाल्ले. चाकू पूर्ण वेळ तिच्या पोटाला टोचत होता. उठली, कंबरेचा चाकू काढला, उघडला.

डाव्या अंगाला धार. पातं ओलं होतं आणि त्याच्यावर दगडाचा करडा चिखल होता.

मग तिनं दगड उचलला आणि आबांच्या खाटेला स्टूल लावून त्यावर आदळला.

"तुम्हीच ना?" ती ओरडली. "कसं करता मला ठाव नाय, पण तुम्हीच! वर्षभर तुमचा घाण-मूत काढते मी. आणि तुम्हाला माझ्या हातात चाकू खपत नाय! बघा. तुमच्या डोळ्यादेखत लावते."

ती घासायला लागली. तिरपेपणा तिनं जराही बदलू दिला नाही. सर्र. सर्र. आबा गुरगुरत होते, उजवा हात खाटेवर आपटत होते. डावा हात पांघरुणावर पडला होता, तसाच, मेलेला.

कूस आली का बघायला तिनं पातं दगडावरून उचललं.

सर्र, असा आवाज झाला.

सुरेखानं चाकूकडं पाहिलं. तो तिच्या हातात होता, हवेत. दगडावर काही नव्हतं. त्याच्यावरच्या चिखलात मात्र एक स्वच्छ रेघ उमटली, उलट्या दिशेनं.

सर्र. दुसरी रेघ.

आवाज थांबला. आबाही थांबले होते. सुरेखानं त्यांच्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदा तिला दिसलं की हा माणूस चिडलेला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भ्यालेलं माणूस होतं ते, पार आतून भ्यालेलं.

"म...मी नाय," आबा म्हणाले. वर्षभरात पहिला शब्द.

"मग कोण?"

त्यांनी मान हलवली. मग उजवा हात उचलला, कसाबसा स्वतःच्या छातीवर ठेवला.

"मी... उजवा."

सुरेखाला आधी कळलं नाही. मग एकदम कळलं. आबा जेवायचे उजव्या हातानं. सही करायचे उजव्या हातानं. गुरांना दगड मारायचे, दाढी करायचे, तंबाखू मळायचे, सगळं उजव्या हातानं. फक्त चाकू डाव्या हातात. लोक गुण गात राहिले आणि हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

"तुमचीबी धार अशीच फिरवली त्यानं?" तिनं विचारलं.

आबांनी मान डोलावली.

"आणि तुम्ही ऐकलं त्याचं. डावा हात शिकलात."

पुन्हा मान. मग त्यांनी तिचा डावा हात पकडला, जोर लावून, नखं रुतेपर्यंत. "शिक," ते म्हणाले. "सुरेखा. शिक."

पंधरा वर्षं तिला चाकूजवळ फिरकू दिलं नव्हतं, ते ह्यासाठी. तिला हे उमगलं आणि तरीही तिचा राग उतरला नाही, उलट दुप्पट झाला. सांगायचं होतं ना! तोंड होतं तेव्हा बोलायचं होतं.

"नाय शिकणार," ती म्हणाली. "माझा हात मी कुणाला देणार नाय."

तिनं धार पुरी केली आणि पातं न मिटता, उघडा चाकू मुठीत धरून, काड्यांचा जुडगा काखेत मारून विहिरीकडच्या ओळीला गेली. ऊन लख्ख होतं. रस्त्यावरून वेरूळला जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. पहिल्या रोपाशी ती उकिडवी बसली. चीर, डोळा, पट्टी. दुसरं रोप. तिसरं.

ओळीच्या पलीकडच्या टोकाला पानं हलली.

"पुंजाराम?"

वारा नव्हता. शेवटचं रोप हललं आणि थांबलं. मग त्याच्या अलीकडचं. सुरेखा उभी राहिली. दोन्ही रोपांना पट्टी आवळलेली होती, उलट्या फेऱ्यांनी, गाठ पाठीमागं.

"कोण हाय तिकडं?" ती किंचाळली. "ही माझी ओळ हाय!"

तिसरं रोप हललं.

पळून जावं असं पायांना वाटलं. ती खाली बसली.

चीर, डोळा, पट्टी. ती दातओठ खाऊन भरत सुटली. समोरून पानं हलत येत होती, तिच्याच वेगानं, ना कमी ना जास्त. ओल्या सालीचा कडवट वास येत होता, तिच्याकडून आणि तिकडून. घाम डोळ्यांत उतरला तरी तिनं मान वर केली नाही.

"माझी ओळ," ती पुटपुटत होती. "माझी. माझी."

एकच रोप उरलं.

तिनं झडप घालून त्याचा बुंधा धरला. साल चिरली. डोळा बसवला, नीट बसला. उजव्या हाताचा, तिचा.

तिनं पट्टीचं एक टोक बोटाखाली दाबलं आणि दुसरं टोक फिरवायला सोडलं.

ते खाली पडलं नाही. समोरून कुणीतरी ते ताणून धरलं होतं, ती पहिला फेरा कधी घालते ह्याची वाट बघत.