दुसऱ्या हाकेनंतर

देऊळघाटच्या शिवारात, रस्त्यापासून बरंच आत, कडूबाचं शेतातलं घर आहे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांपलीकडे विहीर. त्या संध्याकाळी अन्नपूर्णाबाई विहिरीवरची मोटर बंद करायला निघाली होती. एरवी हे काम कडूबाचं. पण कडूबा तेव्हा व्हिएतनामात होता.

हसू नका. मेथीच्या जुड्या बांधणारा माणूसही व्हिएतनामला जाऊ शकतो. लेक प्रतीक्षा पुण्यात नोकरीला, जावई चंद्रशेखर फिरण्याचा मोठा हौशी. दोघांनी आईबापाला परदेश दाखवायचं मनावर घेतलं. अन्नपूर्णाबाईने ऐनवेळी पाय मागे घेतला. सासूच्या, रुखमाबाईच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हातारीला कोणाच्या भरवशावर टाकायचं, असं तिने सगळ्यांना सांगितलं. खरं कारण विमानाचं भय होतं, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कडूबा मात्र नवी टोपी घालून नवरदेवासारखा गेला.

तिकडे समुद्रकाठी पाऊस चालू होता. कडूबा भिजला, ताप भरला, आणि त्याने तो अंगावर काढला. जन्मभर त्याने दुखणी अशीच काढली होती. त्यात लेकीची सहल आपल्यापायी मोडू नये म्हणून दोन घास बळेच खायचा आणि फोटोत हसायचा. मग एका सकाळी हॉटेलच्या जिन्यात जो खाली बसला, तो उठलाच नाही. दोन्ही फुप्फुसं न्युमोनियाने धरली होती. घशात नळी घातली, श्वास मशीनवर गेला, आणि शुद्ध काही येईना.

मोटर बंद करायला निघाली त्या दिवशी दुपारीच प्रतीक्षाचा फोन आला होता.

"माय, बाबाच्या कानापाशी फोन धरून राह्यली मी. डॉक्टर म्हन्ते, घरच्या मानसानं नाव घेऊन हाक मारा, कदाचित आयकू जाईन. तू बोल."

नाव घेऊन! एवढ्या संसारात अन्नपूर्णाबाईने नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. बाकी सगळं 'आयकलं का जी' एवढ्यावर भागलं होतं. त्यात तिकडे जावई उभा, डॉक्टर उभे. पलीकडून मशीनचा आवाज येत होता, फस्स... फस्स... तिने तोंड उघडलं, ओठ हलले, पण आवाज काही फुटेना. थोड्या वेळाने लेकीनेच "राहू दे माय" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून अन्नपूर्णाबाई स्वतःवर चिडलेली होती, आणि चिडलेली होती म्हणून रडत नव्हती.

तिने मोटरचं बटण दाबलं. पाटातलं पाणी हळूहळू बसलं. दिवस बुडाला होता, पण अंधार अजून पुरता पडला नव्हता. ओल्या मातीचा आणि कोथिंबिरीचा वास सुटला होता, रातकिडे लागले होते. ती परत फिरली, आणि एकाएकी रातकिडे थांबले.

"अवं... आयकतं का..."

विहिरीच्या पलीकडून, करंजाच्या झाडाखालून, आवाज कडूबाचा. त्यात तिळाइतकी शंका नाही. झोपेतही ओळखू येईल असा तो आवाज, 'अवं' म्हणताना थोडा लांबवलेला.

"अवं... आयकतं..."

'ओ' तिच्या जिभेवर आली होती. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. ती तिसऱ्या हाकेची वाट पाहत उभी राहिली. झाडाखाली कोणी नव्हतं. तिसरी हाक आली नाही. मग रातकिडे पुन्हा सुरू झाले, आणि अन्नपूर्णाबाई वाफे तुडवत घराकडे पळत सुटली.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं. दिवेलागणीनंतर शिवारात हाक आली तर लगेच ओ द्यायची नसते. जे जिवंत नाही, ते एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी हाक त्याच्याच्यानं होत नाही. म्हणून शहाणा माणूस तीन हाका मोजतो. कडूबाही बांधावरून बायकोला बोलवायचा तर तीनदाच बोलवायचा, म्हणजे समोरच्याला खात्री पटावी. आणि ज्याने आधीच ओ दिली, त्याच्या मागे ते घरापर्यंत येतं, आणि एकटं परत जात नाही.

रुखमाबाई पडवीत खाटेवर बसलेली होती. डोळे गेले तरी म्हातारीचे कान शाबूत होते. सुनेचा श्वास ऐकूनच तिने विचारलं, "काय झालं वं?"

अन्नपूर्णाबाईने सांगितलं. म्हातारीने कान विहिरीकडे लावला. शेवटी पोटच्या पोराचा प्रश्न होता.

"हाका किती?"

"दोन."

"तिसरी?"

"नाई आली, मामी."

"मंग तो माहा कडूबा नाई." म्हातारी म्हणाली. "त्याचा आवाज घेऊन दुसरंच कोनी आलं. मानूस दुखन्यात पडला का असं येते, बाई. ओ देऊ नको. वरच्या आळीतल्या गोविंदाच्या मायनं देल्ली होती. आठोड्यात गेली."

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा फोनवर नुसती रडत होती. चंद्रशेखरने फोन घेतला. मशीन कमी करून पाहिलं, पण मामांना स्वतःचा श्वास घेता येत नाही, एवढंच तो बोलला. डॉक्टर उद्यापर्यंत वाट पाहणार होते. उद्यानंतर काय, हे त्याने सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही.

संध्याकाळी मोटर बंद करायला जायची काही गरज नव्हती, वीजच दुपारपासून गेलेली होती. तरी अन्नपूर्णाबाई निघाली. म्हातारी मागून ओरडली, "कुठी चालली?" ती तशीच वाफ्यांकडे वळली.

आज विहिरीजवळ कोथिंबिरीचा वास नव्हता. बुलढाण्याच्या दवाखान्यात येतो तसा, सुई टोचायच्या आधी कापसाला येतो तसा थंडगार वास होता. करंजाचं एकही पान हलत नव्हतं.

"अवं..."

कालच्यापेक्षा बारीक. जमिनीलगत कुठून तरी आल्यासारखी. अन्नपूर्णाबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. पळावंसं वाटलं, आणि पळवेना.

मग आवाज थांबला आणि त्या जागी दुसरंच काही ऐकू आलं. फस्स... फस्स... कोणी तरी फार कष्टाने हवा आत ओढत होतं. पुरेशी ओढून झाल्यावर पुन्हा हाक आली.

"अवं... आय..."

हाक मध्येच तुटली. आणि पुन्हा ते फस्स... फस्स... आधीपेक्षा जलद, आधीपेक्षा उथळ. तिसरी हाक यायची धडपड चालली होती. येत नव्हती.

अन्नपूर्णाबाई त्या आवाजाकडे कान देऊन उभी राहिली, आणि तिच्या मनात एकदम लख्ख उजेड पडला. भूत कायला दमेल? दमतो तो माणूस. ज्याची छाती भरलेली आहे, त्याने तिसऱ्या हाकेला दम आणायचा कुठून? दोन हाकांतच त्याचं सगळं बळ सरत होतं, आणि ती शहाण्यासारखी तिसरीची वाट पाहत होती. तिला स्वतःची लाज वाटली. भीती गेली नव्हती. म्हातारी म्हणते तसंही असू शकेल, हे तिला कळत होतं. पण हा खरंच तो असेल आणि आपण तोंड मिटून घरी गेलो, तर पुढे जगायचं कोणत्या तोंडाने? मेले तर मेले, असं तिने ठरवलं.

"ओ..." ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. तिने घसा साफ केला आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "ओ! आयकलं जी, आयकलं! मी हाय इथंच. कडूबा... अवो कडूबा... या घरी. चालत या हळूहळू. मी उभी हाय."

नाव घेतल्यावर तिला रडू फुटलं, ते काही आवरेना. झाडाखालचं फस्स फस्स थांबलं. कोणी तरी लांब, सुटकेचा श्वास सोडला. मग गार वारा तिच्या अंगावरून घराकडे गेला, आणि करंजाची पानं सळसळली.

ती घरी आली आणि चुलीपाशी बसून राहिली. म्हातारी समजायचं ते समजली. ती देवाचा जप करत राहिली. ताटं वाढायच्या सुमारास फोन वाजला. अन्नपूर्णाबाईने तो झटकन उचलून कानाला लावला.

"माय..." प्रतीक्षा हसत होती की रडत होती, ते समजेना. "माय, बाबानं डोये उघडले. माहा हात धरला. आन आता श्वास आपल्या मनानं घेऊन राह्यले. डॉक्टर म्हन्ते, असं होईन असं वाटलं नव्हतं."

कडूबा घरी आला तो अर्धा होऊन, पण आपल्या पायांवर. जीप आली तेव्हा निम्मं गाव शेतात जमलं होतं. अन्नपूर्णाबाईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि सगळ्यांसमोर त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. कोणी म्हणालं, "कडूभाऊ, विमानात वारं लागलं काय?" कोणी म्हणालं, "पुढच्या बारीला धाड गावचा बाजार कर, तोच परदेश समज." कडूबा टोपीआडून हसत होता. म्हातारीने त्याचं तोंड चाचपून चाचपून पाहिलं आणि मगच त्याला सोडलं. त्या दिवशी अन्नपूर्णाबाईला वाटलं, आता आपल्याला जन्मात काही मागायचं उरलं नाही.

प्रतीक्षा-चंद्रशेखर पुण्याला गेले, घर पुन्हा तिघांचं झालं. एका संध्याकाळी पडवीत चुलीपुढे कडूबा पिठलं-भाकर खात बसला होता. म्हातारी पलीकडे खाटेवर पडलेली. कडूबाने घास हातातच ठेवला.

"अवं, तुले एक सांगतो. मी तुही ओ आयकली होती."

अन्नपूर्णाबाईने तवा खाली उतरवला.

"लय अंधार होता. ओलं ओलं. तुले हाक मारो, पन दम पुरे ना. अन् मी एकला नव्हतो वं. एक म्हातारा होता संगं. बाजूच्या खाटेवरचा, तिकडचाच. तोबी हाका मारे. त्याच्या भाषेत. आपल्या बायकोलेच मारत असन... कोनी ओ देये नाई त्याले."

"मंग?"

"मंग तुही ओ आली. आम्ही दोघंबी उठलो." कडूबाने पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "मी आवाजाच्या धोरनानं चालत सुटलो. मागं काई पाह्यलं नाई. पन त्याची पावलं आयकू येत होती... माह्या मागं मागं. डोये उघडले, त बाजूची खाट रिकामी होती. म्हातारा तेवढ्यात गेला होता."

"बिचारा," अन्नपूर्णाबाई म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. त्याची कोणी तरी बायको असेल, ती कुठे असेल, असंही तिच्या मनात आलं. तिने कडूबाच्या ताटात अजून भाकर वाढली.

तेवढ्यात रातकिडे थांबले.

विहिरीकडून हाक आली. म्हाताऱ्या माणसाची, बारीक, शेवटाला वर चढणारी. शब्द कोणता ते कळेना. देऊळघाटात काय, अख्ख्या बुलढाण्यात तसा शब्द कोणी बोलत नाही.

कडूबाच्या हातातली भाकर ताटात पडली. "हा... तोच," तो म्हणाला.

दुसरी हाक आली. दोघं एकमेकांकडे पाहत राहिली. अन्नपूर्णाबाईने त्याचा हात घट्ट धरला. तो गरम होता, त्यात नाडी उडत होती, आणि तेवढ्याने तिला धीर आला.

मग तिसरी हाक आली. स्वच्छ, सावकाश, पुरा दम घेऊन मारलेली.

"तिसरी..." कडूबा पुटपुटला. "मंग मानूसच म्हनायचा का वं?"

हाक कोणाची का असेना, ती तशीच हवेत लोंबत राहावी, हे आता अन्नपूर्णाबाईला सहन होणार नव्हतं. ती उठली, पडवीच्या कडेला गेली, आणि अंधाराकडे तोंड करून हळूच म्हणाली, "ओ... भाऊ."

काही झालं नाही. वारा सुटला नाही, पान हललं नाही. रातकिडे पुन्हा लागले. ती परत येऊन बसली, कडूबाने सुस्कारा टाकला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

पलीकडे खाट करकरली. रुखमाबाई उठून बसली होती. तिने पाय जवळ घेतले, सरकून कडेला जागा केली, आणि आपले पांढरे डोळे दोघांच्या मधोमध रोखून ती म्हणाली,

"पाव्हना आला त त्याले उभा काऊन ठेवला वं? बसाले टाक."