दाट रेषांचं पाइन

"हे पाइन आता नाही मिळायचं," वखारीतला तरुण म्हणाला.

ती सहावी वखार होती. बाहेर पाऊस, ओढणी भिजलेली, आणि मुठीत एका जुन्या टेबलाची ढलपी. वाचनालयाचं ते लांबलचक टेबल आमच्या सुतारकामाच्या दुकानात दुरुस्तीला आलं होतं; त्याची मधली फळी चिरली होती. आजारातून उठल्यावर बाबांनी हातात घेतलेलं हे पहिलंच काम. सोमवारपर्यंत झालं नाही, तर टेबल मोडीत जाणार होतं. बाजारात पाइनला तोटा नव्हता, पण सगळं पांढरट, मऊ, गाठींनी भरलेलं. आमचं पिवळं, जड, केसासारख्या बारीक रेषांचं. बाबा दुसरं लावणार नव्हते. आणि काम परत गेलं असतं, तर ते पुन्हा रंध्याला हात लावतील... याची मला खात्री नव्हती.

त्याने ढलपी नखाने खरवडून हुंगली. "अजून राळ आहे हिच्यात."

"म्हणजे नाहीच मिळणार?"

"वखारीत नाही म्हटलं. कुठेच नाही असं कुठे म्हटलं?" त्याने वही पुढे केली. "नंबर लिहा. फळीसाठी हं."

"मग दुसरं कशासाठी?" मी म्हणाले. उगाचच. कान तापले.

रोज संध्याकाळी सहाला त्याचा फोन यायचा. मंगळवारी, "एक मिळालं, पण गाठाळ." बुधवारी, "रंग तोच, वजन नाही." मग पाच मिनिटं इकडचं तिकडचं. गुरुवारी साडेसहा वाजले तरी फोन नाही. मी तीनदा रेंज तपासली.

"काळजी फळीची आहे, की फळीवाल्याची?" आईने न बघताच विचारलं.

"फळीचीच," मी म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला, आणि पहिल्याच रिंगला मी उचलला.

शनिवारी सकाळी त्याने मला एका जुन्या गोदामापाशी बोलावलं. गोदाम पाडत होते; अशा जुन्या छपरांत कधी कधी तसलं पाइन निघतं. छपराची एक तुळई त्याने बाजूला काढून ठेवली होती, काळीठिक्कर, खिळ्यांच्या भोकांनी भरलेली.

"आतून पोकळ निघाली तर?" मी विचारलं.

"तर आजचा दिवस वाया. दुसरी नाही."

त्याने रंधा टेकवला. पहिला काळा पापुद्रा निघाला. दुसराही काळाच. मी त्याच्या मनगटाकडे बघत होते. तिसऱ्याला पिवळं लाकूड उघडं पडलं, दाट रेषांचं, आणि राळेचा वास थेट नाकात शिरला. मी वाकून रेषांवरून बोट फिरवलं.

"मिळालं," तो म्हणाला. पण हसला नाही.

"मग तोंड का उतरलं?"

तो रंध्यातले पापुद्रे झटकत राहिला. "आता सहाला काय सांगायचं तुम्हाला — हा प्रश्न आहे."

मला खोटं बोलता आलं असतं. "काल माझ्या मनात एक वाईट विचार आला," मी म्हणाले. "बाबांचं काम अडलंय, आणि मला वाटलं... आजही नाही मिळालं तर बरं."

त्याने वर पाहिलं. रंधा खाली ठेवला.

"तुम्ही हे मला सांगताय?"

"तू म्हण," मी म्हणाले.

तुळई चिरून, फळी घेऊन आम्ही दुपारी दुकानात आलो. टेम्पोत आमचे खांदे एकमेकांना लागत होते, आणि माझी धाकधूक काही संपत नव्हती. बाबांना पसंत नाही पडली तर? फळी म्हणा... किंवा तो.

बाबांनी फळी उजेडात धरली, उलटी केली, कडेवरून अंगठा फिरवला. मग त्याला म्हणाले, "ते टोक धर."

संध्याकाळपर्यंत फळी बसली. जुन्या रेषांना नव्या रेषा अशा जुळल्या की सांधा शोधावा लागत होता. तो हात पुसून निघाला, दारात घुटमळला.

"उद्या ये," बाबा म्हणाले. "पॉलिश राहिलंय. एकट्याने व्हायचं नाही."

आमच्या दुकानातलं पॉलिश गेली सात वर्षं मी एकटीच करते. हे बाबांना चांगलं माहीत होतं.