न काढलेला ळ

हिंदी मुलखातलं शहर, तिथल्या बड्या फुहाऱ्याच्या बाजारात दुकानं चिंचोळी आणि त्यांची नावं मात्र लांबलचक. म्हणून शरयू काळेनं तीन वर्षं खपून एक फॉन्ट घडवला. अक्षरं जाडजूड, पण अंग चोरून उभी. कुठे फाटा नाही की नखरा नाही. चार फुटी पाटीवर पाच शब्द सुखानं मावायचे आणि रस्त्यापलीकडच्या म्हाताऱ्यालाही वाचता यायचे. सगळी अक्षरं झाली, फक्त ळ राहिला. हिंदी पाट्यांना तो लागतोय कशाला? आपल्या आडनावासाठी सावकाश काढू, असं तिनं ठरवलं होतं.

तेवढ्यात तिच्या मावसभावानं, तनयनं, फाइल उचलली आणि फॉन्ट स्वतःच्या नावानं बाजारात आणला. अहो, शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या ऑफिसात दोघं एका टेबलावर डबा खायचे! घरच्याच माणसानं केसानं गळा कापला. शरयूला आठ दिवस घास गिळवेना. गावभर अक्षरं तिची आणि वाहवा तनयची. फॉन्टवर आपलं नाव लागलं पाहिजे, एवढा एकच ध्यास तिनं घेतला.

मग संक्रांतीनंतर एका सकाळी महाराजपूरच्या मराठी वस्तीत हळदीकुंकवाचा फ्लेक्स दिसला. अक्षरं तिचीच होती. आणि ‘मंडळ’ या शब्दात ळ होता.

तिनं फोटो काढला आणि तडक ऑफिस गाठलं.

“ळ कोणी काढला?”

तनयचा चेहरा उतरला. “दीदी, तूच घरून टाकून राहिली ना? मी तीनदा खोडला. सकाळी पुन्हा येऊन बसतो.”

“मी काहून टाकू? फाइल तर तू नेली!”

“मग कोण टाकून राहिलं? आईची शपथ, मी नाही.”

घरी येताच तिनं कोरा कागद ओढला आणि फोटोकडे न बघता आपल्या फॉन्टचा ळ काढला, जन्मात पहिल्यांदा. डावा गोळा भरताना कुकरची शिट्टी झाली, हात दचकला, काठाला बारीक खाच पडली.

तिनं सकाळचा फोटो मोठा करून पाहिला.

डाव्या गोळ्याला तीच खाच होती.

आता हा कागद कोणाला दाखवायचा? लोक म्हणणार, बाईनं फ्लेक्सवरून उतरवलाय. तिच्याच हातानं तिला चोर ठरवलं होतं. संतापानं तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना तिला सुचलं. जगातल्या कुठल्याच भाषेत नसलेलं एक अक्षर काढायचं आणि शाई वाळायच्या आत त्यावर नोटरीचा शिक्का घ्यायचा. मग बघू कोण पुढे जातं ते! एक दांडी, तिला तीन गोळे. मधला भरीव ठेवावा की पोकळ, याचा ती केस पुसताना विचार करत होती.

फोन वाजला. तनय होता.

“दीदी, आज फाइलीत एक नवीनच आलं. हे कोणत्या भाषेचं आहे?”

“कसं आहे?”

“एक दांडी. तीन गोळे.”

शरयू पलंगावर बसली. पंचा हातातच राहिला.

“आणि मधला?”

“मधला पोकळ आहे.”

तिचं अजून ठरलं नव्हतं.